भास्करबुवा, पॉल्सेन आणि पन्नास वर्षांचा उशीर

१८६९ साल. १७ ऑक्टोबरला बडोदा संस्थानातल्या कठोर नावाच्या गावी एक मुलगा जन्माला आला. त्यानंतर बरोब्बर ३७ दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, कोपनहेगनमध्ये दुसरा एक मुलगा जन्मला. पहिल्याचं नाव भास्कर बखले. दुसऱ्याचं व्हाल्डेमार पॉल्सेन.

भास्करबुवांबद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको. किर्लोस्कर मंडळीत नट म्हणून सुरुवात, मग फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांकडे तालीम, १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना, १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली, आणि शिष्य कोण? तर बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव! लोक त्यांना देवगंधर्व म्हणायचे. १९२२ मध्ये पुण्यात बुवा गेले.

पॉल्सेनने काय केलं? १८९८ मध्ये आवाज चुंबकाने साठवणारं आणि पुन्हा ऐकवणारं जगातलं पहिलं यंत्र बनवलं. म्हणजे टेपरेकॉर्डर, कॅसेट, आणि ज्यावर माझ्यासारख्यांचं पोट चालतं त्या हार्ड डिस्कचासुद्धा हा खापरपणजोबा.

आता गंमत बघा. यंत्र तयार झालं तेव्हा बुवा २९ वर्षांचे होते, म्हणजे गळा ऐन भरात यायचा होता. त्यानंतर ते आणखी २४ वर्षं जगले. तरीही आज ऐकता येईल असं भास्करबुवांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. एक मिनिटाचंसुद्धा नाही. ज्या माणसाकडून बालगंधर्व गाणं शिकले, त्याचा आवाज कसा होता हे आता जगातल्या कुणालाच माहीत नाही.

यंत्र होतं, गवई होता, चोवीस वर्षं हातात होती. मग घोडं पेंड कुठे खात होतं? या विकांताला हाच किडा डोक्यात वळवळत होता, म्हणून हा लेख.

आधी तबकडीबद्दल थोडं

कुणी म्हणेल, ग्रामोफोन होता की! होता. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानच्या तबकड्या निघाल्या आणि मग हिंदुस्थानात तबकड्यांची लाटच आली. बुवांचे समकालीन अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या आजही ऐकता येतात. पण तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन, फार तर साडेतीन मिनिटं. त्यात स्थायी, अंतरा, दोन ताना आणि संपलं. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत गा म्हणणं म्हणजे पंगतीला बसलेल्याच्या तोंडात शिताचा एक कण टाकून "जेवण कसं झालं?" असं विचारणं.

शिवाय तबकडीत खोडाखोड नाही. मेणावर सुईने चर खोदायचा, चुकलं की मेण फेकायचं. कर्णा तोंडासमोर, आवाज त्याच्यात ओतायचा, कारण सुई हलवायची ताकदसुद्धा गळ्यातूनच यायची. मैफलीच्या कोपऱ्यात गुपचूप बसून, गवयाला न बुजवता टिपून घेणं हे या यंत्राच्या आवाक्यात नव्हतं.

चुंबकाच्या यंत्राला यातलं बरंच काही जमण्यासारखं होतं. निदान कागदावर तरी.

व्हर्जन ०.१ : सुती दोरा आणि पोलादाचा चुरा

खरं तर कल्पना पॉल्सेनच्याही आधीची. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये ऑबर्लिन स्मिथ नावाचा एक इंजिनियर होता. १८७८ मध्ये तो एडिसनची प्रयोगशाळा बघून आला. फोनोग्राफ ऐकला, आवडला, पण सुई घासल्याची खरखर डोक्यात राहिली. न घासता आवाज साठवता येणार नाही का? टेलिफोनच्या तारेतून आवाज विजेच्या चढउताराच्या रूपात जातोच. ती वीज वेटोळ्यातून नेली की चुंबकत्वाचे चढउतार मिळतात. वेटोळ्यासमोरून पोलाद सरकत नेलं, तर ते चढउतार पोलादात उमटून राहतील. तेच पोलाद पुन्हा वेटोळ्यासमोरून नेलं की उलटी वीज तयार होईल आणि टेलिफोनच्या श्रवणयंत्रात आवाज येईल. झालं!

स्मिथला शंका होती की अखंड पोलादी तारेत चुंबकत्व इकडेतिकडे पसरून आवाजाचा काला होईल. म्हणून त्याने सुचवलं की सुती किंवा रेशमी दोऱ्यात पोलादाचा चुरा गुंफावा. म्हणजे बारीक बारीक सुटे चुंबक, एका लवचिक आधारावर चिकटवलेले. मंडळी, पुढच्या शतकात आपण जी टेप वापरली ती हीच! स्मिथने यंत्र पूर्ण केलं नाही, पेटंटही घेतलं नाही. ८ सप्टेंबर १८८८ च्या 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड'मध्ये सगळी कल्पना छापून मोकळा झाला, की कुणाला जमलं तर करा बाबांनो. आजच्या भाषेत ओपन सोर्स.

व्हर्जन १.० : पॉल्सेनची तार

पॉल्सेन कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत कामाला होता. त्याचा मूळ प्रश्न साधा होता : फोन वाजतो आणि घरी कुणी नसतं, तर निरोप कुठे ठेवायचा? म्हणजे त्याला बनवायचं होतं निरोप ठेवणारं यंत्र.

त्याने खोलीत एक पोलादी तार ताणून बांधली. तिच्यावरून एक छोटा विद्युतचुंबक सरकवत नेताना टेलिफोनमध्ये बोलला. मग तोच चुंबक श्रवणयंत्राला जोडून पुन्हा त्याच तारेवरून सरकवला, आणि आपलेच शब्द त्याला ऐकू आले. स्मिथची भीती खोटी ठरली. अखंड तारेतसुद्धा आवाज जागच्या जागी राहतो! मग त्याने ती तार एका नळकांड्यावर गुंडाळली, नळकांडं फिरतं ठेवलं, आणि १ डिसेंबर १८९८ ला डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. यंत्राचं नाव टेलिग्राफोन.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टेलिग्राफोनला ग्राँ प्री मिळालं. तिथे ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ त्यात चार शब्द बोलला. शोध फार आवडला, दाखवल्याबद्दल आभारी आहे, अशा अर्थाचं. ती तार डेन्मार्कमध्ये जपून ठेवली आहे. चुंबकावर साठवलेला आणि आजही ऐकता येणारा हा जगातला सगळ्यात जुना आवाज.

एका सम्राटाचं औपचारिक "आवडलं हो" टिकलं, आणि त्याच वर्षी इकडे भास्करबुवा जे गात होते ते हवेत विरलं. चालायचंच. इतिहास काय जपावं हे कुणाला विचारून ठरवत नाही.

मग अडलं कुठे?

इथे आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल असा मुद्दा आहे. टेलिग्राफोनचं तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं. कोड बरोबर होता, डिपेंडन्सीज् मात्र अस्तित्वातच नव्हत्या! चार गोष्टी हव्या होत्या.

पहिली : अॅम्प्लिफायर. तारेतून मिळणारी वीज इतकी क्षीण की कानाला श्रवणयंत्र दाबून धरल्याशिवाय काही ऐकू येत नसे. आवाज मोठा करणारा ट्रायोड ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये आणला आणि तो खरा कामाचा व्हायला आणखी काही वर्षं गेली.

दुसरी : बायस. हा जरा नाजूक मामला आहे. पोलादाला हळूच ढकललं तर ते हलत नाही. अगदी क्षीण चुंबकत्व दिलं तर ते लक्षात ठेवत नाही, जोरात दिलं तर एकदम जास्तच घेतं. साहजिकच बारीक आवाज गायब आणि मोठा आवाज वेडावाकडा. पॉल्सेन आणि त्याचा सहकारी पेडरसन यांनी यावर एक तोडगा काढला : आवाजाबरोबर एक स्थिर वीजप्रवाह देत राहायचा, म्हणजे पोलाद आधीच जरा जागं असतं. आवाज सुधारला, पण खरखर वाढली.

तिसरी : माध्यम. तार पिळवटते, गुंतते, आणि वाजताना फिरली की चुंबकत्वाची बाजूच बदलते. म्हणून पुढे पोलादाची पट्टी आली. १९३० च्या दशकात बीबीसीकडे मार्कोनी-श्टिले यंत्रं होती. पट्टी ३ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला दीड मीटर. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला २.७ किलोमीटर पोलाद! शनिवारवाड्यापासून पट्टी उलगडत निघालात तर जवळजवळ स्वारगेटला पोचाल. संकलन करायचं तर पट्टी कापून वेल्डिंग. आणि भर वेगात तुटली तर धारदार पोलाद खोलीभर. यंत्र चालवणारा माणूस अंतर राखूनच असायचा.

चौथी : हेड. पॉल्सेनच्या चुंबकाची टोकं माध्यमाला टोचायची. अंगठीसारखं गोल, मध्ये केसाएवढी फट असलेलं हेड जर्मनीत एडुआर्ड श्युलरने १९३३ मध्ये केलं. टेप न कुरतडता ती आवाज उमटवू लागली.

आता ही यादी तारखांसह पुन्हा वाचा. १९२२ मध्ये, बुवा गेले तेव्हा, यातली एकच गोष्ट हाताशी होती.

सिगारेटचा सोनेरी कागद

माध्यमाचा प्रश्न सुटला तो भलत्याच दुकानात. ड्रेस्डेनमध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर नावाचा माणूस सिगारेटच्या टोकाच्या सोनेरी पट्टीवर काम करत होता. खरं सोनं महाग, म्हणून कागदावर कांस्याची पूड चिकटवायची त्याची पद्धत. त्याच्या डोक्यात आलं, कांस्याऐवजी लोहचूर्ण चिकटवलं तर? १९२८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. स्मिथचा सुती दोरा चाळीस वर्षांनी कागदाच्या पट्टीच्या रूपाने परत आला. ही पट्टी स्वस्त, हलकी, आणि कात्री-गोंदाने जोडता येणारी!

पुढे एईजीने यंत्र आणि बीएएसएफने प्लास्टिकची टेप केली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. १९ नोव्हेंबर १९३६ ला लुडविग्सहाफेनमध्ये थॉमस बीचमच्या वाद्यवृंदाची अख्खी मैफल टेपवर घेतली गेली. पण तिचा दर्जा तबकडीच्या पुढे गेला नव्हता. खरखर होतीच.

शेवटचा बग १९४० मध्ये सुटला. जर्मन रेडिओतल्या वॉल्टर वेबरच्या प्रयोगात एक अॅम्प्लिफायर बिघडून आपोआप कंप पावू लागला, आणि ध्वनिमुद्रण बिघडण्याऐवजी लखलखीत आलं! कानाला ऐकू न येणारी उच्च वारंवारता आवाजात मिसळली की टेपवरचे कण सतत हलते राहतात आणि बारीकातली बारीक लहर प्रामाणिकपणे धरतात. (डिजिटल ऑडिओवाल्यांना 'डिदर' आठवला असेल. चुलतभाऊच तो.) खरं म्हणजे ही युक्ती अमेरिकन नौदलाच्या कार्लसन आणि कार्पेंटर यांना आधीच सापडली होती आणि १९२७ मध्ये तिचं पेटंटही निघालं होतं. पण ते तारायंत्राच्या संदेशांसाठी. संगीतवाल्यांपर्यंत ते पोचलंच नाही. कागदपत्रं कुणी वाचत नाही, हा रोग जुनाच आहे :)

१९४५ मध्ये जॅक मलिन या अमेरिकन सैन्यातल्या इंजिनियरला जर्मनीत बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात ही यंत्रं सापडली. त्याने दोन मॅग्नेटोफोन आणि ५० रिकामी रिळं सुटी करून घरी पाठवली आणि सॅन फ्रान्सिस्कोत जोडून दाखवली. गायक बिंग क्रॉस्बीला थेट प्रक्षेपणाचा कंटाळा होता. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या वेळा वेगळ्या, म्हणून तोच कार्यक्रम दोनदा गा! १९४७ पासून त्याचे कार्यक्रम टेपवरून जाऊ लागले, १९४८ मध्ये अँपेक्सचं यंत्र आलं आणि टेपचं राज्य सुरू झालं.

१८९८ ते १९४८. पन्नास वर्षं.

पुण्यात

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्याच साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. १ एप्रिल १९५५ ला, शुक्रवारी सकाळी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण'चं पहिलं गाणं लागलं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, सीताकांत लाडांची कल्पना. वर्षभरात ५६ गाणी. रेडिओवर ती वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, लता मंगेशकर अशा अनेक गळ्यांतून आली. पुढे घराघरांत पोचलं ते मात्र बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं गीतरामायण.

गीतरामायण १९५६ च्या एप्रिलमध्ये संपलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली : ५० मोठ्या तबकड्या, साठवण जेमतेम ५ एमबी. तत्त्व पॉल्सेनचंच. एका अर्थाने तुमच्या डेटा सेंटरची वंशावळ त्या ताणलेल्या तारेशी जाऊन भिडते.

१९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेग, म्हणजे अर्ध्या तासाला सुमारे ८६ मीटर. बीबीसीचं पोलाद आठवा, २,७०० मीटर! आता टेप खिशात मावू लागली. कॅसेटच्या जमान्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडून आणलेले पु.ल. किंवा मन्सूर ऐकले नाहीत असं घर आमच्या ओळखीत सापडणं कठीण. तासभराचा ख्याल तासभर ऐकता येऊ लागला. भास्करबुवांना जे मिळालं नाही ते त्यांच्या नातवंडांच्या पिढीतल्या गवयांना सहज मिळालं.

आणि नुसतं गवयांना नाही. मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय वाटतो तो वेगळाच. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या माणसाने १९९० च्या दशकाच्या अखेरीला त्यांचा डेटाबेस बांधला, १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रणांवर टिपणं केली. आज त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. पहाटे दळताना गाणाऱ्या बाईचा आवाज राहिला, देवगंधर्वांचा नाही. वाईट वाटतं ते बुवांसाठी. पण १९०० साली फक्त सम्राटाचा आवाज टिकत होता, आणि शंभर वर्षांत दळणाऱ्या बाईचाही टिकू लागला, हे काही थोडं नाही.

फीचर की बग?

चुंबकाची एक खोड सांगायची राहिली. जे लिहिता येतं ते पुसताही येतं. पॉल्सेनला हे फार मोठं वैशिष्ट्य वाटलं होतं, आणि ते होतंच. तबकडी चुकली तर फेकावी लागते, तार पुन्हा वापरता येते. पण टेप महाग असल्यामुळे याच वैशिष्ट्याने घात केला. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्याच शेकडो कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. सुई चर खोदते म्हणून तबकडी राहते. चुंबक विसरायला तयार असतो म्हणून टेप जाते.

हे बीबीसीतच होतं असं नाही. आमच्या घरात एक कॅसेट आहे, वर आजोबांच्या अक्षरात 'बारसे' असं लिहिलेलं. वाजवली तर पहिले चाळीस सेकंद पाळण्याभोवतीचा गलका आणि कुणा बाईचा 'थांबा गं' असा आवाज, मग खाट्कन सिनेमाची गाणी. ती थांबा म्हणणारी कोण, यावर घरात दोन मतं आहेत आणि तिसरं सांगू शकेल असं आता कुणी नाही.

तर मुद्द्यावर येतो. ज्यांच्या माळ्यावर खोक्यात कॅसेट पडल्यात त्यांच्यासाठी. टेपवरचे लोहकण अजून बरीच वर्षं टिकतील, पण त्यांना प्लास्टिकवर धरून ठेवणारा चिकटा दमट हवेत हळूहळू खराब होतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मुख्य म्हणजे वाजवणारी चांगली यंत्रं दरवर्षी कमी होतायत. थांबून फायदा काहीच नाही. करायचं ते इतकंच :

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन छोटी प्लास्टिकची टोकं मोडून टाका. मग तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. बुरशी दिसत असेल तर घरच्या यंत्रात घालू नका, जाणकाराकडे न्या. एरवी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या, यंत्राचं हेड पुसा, आणि मग संगणकावर उतरवा. एमपी३ नको, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. जागा आता स्वस्त आहे. दोन ठिकाणी प्रती ठेवा. आणि फाइलच्या नावात कोण, कुठे, कधी हे लिहा, सांगू शकणारी माणसं आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून विचारून घ्या.

भास्करबुवांच्या वेळी चारांतल्या तीन गोष्टी जगात नव्हत्या, म्हणून त्यांचा आवाज गेला. त्याला कुणाचा इलाज नव्हता. आपल्याकडे चारही आहेत आणि वर खिशात फोन आहे. तेव्हा येत्या रविवारी माळा काढा. तूर्तास एवढंच.